परदेशात गेल्या गेल्या क्रेडिट कार्ड घ्यावं का? माझं मत: नको

दांडियाबाजारकर
मुलगा ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला एमएस करायला गेला. दुसऱ्याच आठवड्यात फोन: "बाबा, घर मिळत नाहीये, क्रेडिट स्कोअर मागतात." त्याच्या नावावर इथं बडोद्यात दहा वर्षांचं बचत खातं आहे. त्याचं स्टेटमेंट पुढे केलं तर भाड्याच्या ऑफिसातल्या बाईंनी हातातसुद्धा घेतलं नाही. शेवटी पुतण्या जामीन राहिला तेव्हा किल्ली मिळाली.
आता त्याचे मित्र म्हणतात, लगेच कार्ड घे आणि वापर, म्हणजे पत तयार होते. कधी कर्ज न काढणारा बिनपतीचा आणि दर महिन्याला उधार घेणारा पतवाला, हा कुठला न्याय? आमच्या वडिलांनी मांडवीतल्या वाण्याच्या चोपड्यात कधी नाव चढू दिलं नाही. माझं म्हणणं, निदान वर्षभर डेबिट कार्डावर राहावं. पटतंय का कुणाला?

सुरसागर_ते_एडिसन
नाही पटत, काका. वाणी तुमच्या वडिलांना ओळखत होता, त्याला चोपडा उघडायची गरजच नव्हती. इथं आपल्याला कुणी ओळखत नाही, म्हणून चोपडाच बघतात. आणि तेही उधारीची नोंद ठेवणाऱ्या तीन कंपन्यांचे: इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन. डेबिट कार्डाचे व्यवहार त्यात चढतच नाहीत, दहा वर्षं वापरा नाहीतर वीस. ३०० ते ८५० मधला पतीचा आकडा, म्हणजे फायको स्कोअर, निघायलाही उधारीचं एखादं खातं किमान सहा महिने जुनं लागतं. म्हणजे वर्षभर थांबला तर दीड वर्षानं पहिला आकडा दिसणार, आणि मधे पुन्हा घर बदलायचं झालं की पुन्हा जामीन शोधा.
सिक्युअर्ड कार्ड घ्यायचं. ३०० डॉलर डिपॉझिट ठेवा, साधारण तेवढीच मर्यादा मिळते. आपल्याकडच्या एफडीवरच्या कार्डासारखंच.

अलकापुरी_वाला
मी काकांच्या बाजूनं. "फक्त मोबाइलचं बिल" म्हणून माझ्या भाच्यानं असंच कार्ड घेतलं. पुढे मर्यादा वाढली, टीव्ही आला, आणि दर महिन्याला पठ्ठ्या 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, भरून खूश. २० टक्क्यांच्या वर व्याज चढतंय हे त्याच्या गावीच नव्हतं. मग एक हप्ता महिन्याभरानं उशिरा भरला गेला. तो डाग रिपोर्टवर सात वर्षं राहतो. कोरी पाटी परवडली हो, डागाळलेली नको.

सुरसागर_ते_एडिसन
भाऊ, हा दोष कार्डाचा नाही. पहिल्या दिवशी ऑटो-पे लावायचं, आणि ते पूर्ण रकमेचं, मिनिममचं नाही. ही एक खूण बघायला तुमचा भाचा विसरला.
बाकी एक गोष्ट इथं येऊनही कुणी सांगत नाही, माझीच फजिती झाली म्हणून लिहितो. मर्यादा ५०० डॉलर. घरात सामान भरलं, ४५० झाले. शेवटच्या तारखेच्या आत सगळे फेडले, तरी स्कोअर घसरला! कारण बहुतेक कंपन्या स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी कळवतात, पैसे भरायच्या शेवटच्या दिवशीची नाही. चोपड्यात लिहिलं गेलं की या माणसानं मर्यादेच्या ९० टक्के उचललेत. तेव्हापासून मी स्टेटमेंटच्या तीन दिवस आधीच पैसे भरतो. स्टेटमेंटवरची बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात, मी १० च्या आत ठेवतो. जरा अतीच आहे, पण सवय लागली.

कारेलीबागेतला_प्रेक्षक
ट्रान्सयुनियन तर आपल्या सिबिलच्या नावातच आहे की. मग इथला स्कोअर तिकडे का चालत नाही?

सुरसागर_ते_एडिसन
नाव एक, चोपडे वेगळे. आपोआप काही जात नाही. नोव्हा क्रेडिट म्हणून एक कंपनी आहे, ती आपल्या परवानगीनं भारतातला रिपोर्ट इकडच्या कार्डवाल्यांना दाखवते. अमेरिकन एक्सप्रेस तो बघते. पण भारतात कधी कार्ड किंवा कर्ज घेतलंच नसेल तर दाखवणार काय?

मांजलपूरची_मावशी
सगळे तिकडच्याच पतीबद्दल बोलताय. इथल्या पतीचं काय? माझी मुलगी गेली तेव्हा एज्युकेशन लोनवर मी सहकर्जदार. शिवाय तिचं इथलं एक कार्ड होतं, ते बंद करायचं राहिलं. वार्षिक फी लागली, साडेपाचशे रुपये. मेसेज तिच्या जुन्या नंबरवर जात राहिले आणि ते सिम माझ्याच टेबलाच्या खणात, सेफ्टी पिनांच्या डबीत पडलेलं. थकबाकी तिच्या रिपोर्टवर दिसू लागली. घाबरून मी माझाही रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), तर लोनचा एक हप्ता उशिरा गेल्याची नोंद माझ्याही नावावर! तिकडून पैसे दोन दिवस उशिरा पोचले होते, बस.
तेव्हा काका, कार्ड घेऊ दे की न घेऊ दे. आधी लोनच्या कागदावर दुसरी सही कुणाची आहे ते बघा.

दांडियाबाजारकर
ताई, दुसरी सही माझीच. रिपोर्ट आज काढतो. आणि ते सिमचं वाचून उठलोच, त्याचंही सिम इथं देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, रिचार्ज संपलेलं.
कार्डाचं अजून पूर्ण पटलेलं नाही. पण वाण्याचा मुद्दा डोक्यात राहिला. माणूस ओळखीचा असेल तोवर चोपडा लागत नाही, हे खरं. बघू, ३०० डॉलर डिपॉझिटचं एक घे म्हणतो. पण ऑटो-पे कुठल्या खात्यातून होणार? तिथल्या लायब्ररीत काम लागलंय त्याला, पण पगार सुरू व्हायला वेळ आहे, तोवर पैसे मीच पाठवतोय. म्हणजे त्याची पत वाढवायला आधी माझी लागणार.

अलकापुरी_वाला
मग लिहून घ्या, काका, टीव्ही घेणार नाही म्हणून.

सुरसागर_ते_एडिसन
😄 स्टेटमेंटची तारीख मात्र विचारून ठेवा त्याला.

दांडियाबाजारकर
विचारतो. आत्ता तिकडे पहाटेचे चार वाजलेत.