बोअरच्या पाण्याचं मॉडेल बसेना, चार्ज बॅलन्स 40 टक्के चुकतोय

उसातला_एमएस्सी (अथणी तालुका)
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला आमच्याच मळ्यातल्या बोअरचं पाणी घेतलंय. कृष्णेकडचा पट्टा, सगळा ऊस, बोअर 200 फूट, लहानपणी हेच पाणी प्यायचो आणि आता त्यात डाळ शिजेना. लॅबमधून तपासून आणलं आणि फ्रीकसी या पाण्याच्या रसायनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं तर चार्ज बॅलन्सची एरर (धन आणि ऋण आयनांच्या बेरजेतली तफावत) 40 टक्के दाखवतंय! कॅल्साइटचा (चुनखडीचं खनिज) सॅच्युरेशन इंडेक्स 1.4 च्या आसपास, म्हणजे पाण्यात मावतो त्यापेक्षा जास्त (0 म्हणजे समतोल).
आकडे असे, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर: कॅल्शियम 400, मॅग्नेशियम 600, सोडियम 483, पोटॅशियम 4, क्लोराइड 780, सल्फेट 336, बायकार्बोनेट 400, नायट्रेट 186. टोटल हार्डनेस (जडपणा) 1000. पीएच 8.1, ईसी (विद्युतवाहकता, क्षार किती ते सांगते) 3800 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर.
क्लोराइड बघून एक सिनियर म्हणाला की खारट पाणी म्हणजे सीवॉटर मिक्सिंग (समुद्राचं पाणी मिसळणं) लाव, सीवॅट हे भूजलाचं सॉफ्टवेअर वापर. तीन दिवस झाले त्यातच डोकं घालून बसलोय, कुणीतरी सांगा काय करायचं ते.

मीठभाकर
अथणीत समुद्र कुठनं आला रे भावा 😄

बेसाल्ट_मामा (बेळगाव)
सीवॅट आधी बाजूला ठेव, त्याच्याकडे नंतर येतो. तुझा रिपोर्ट नीट बघ. कॅल्शियम 400 अधिक मॅग्नेशियम 600 किती झाले? 1000. आणि टोटल हार्डनेस किती? 1000. हा योगायोग नव्हे, लॅबनं दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात दिलेत आणि तू ते आयन म्हणून घातलेस. खरं कॅल्शियम 400 गुणिले 0.4, म्हणजे 160, आणि मॅग्नेशियम 600 गुणिले 0.243, म्हणजे साधारण 146. बायकार्बोनेटचे 400 सुद्धा बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच्याच हिशोबातली अल्कलिनिटी (आम्ल पचवायची क्षमता) असणार, ती 1.22 नं गुणली की 488 बायकार्बोनेट होतं.
आता मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांच्या विद्युतभाराच्या हिशोबात, प्रति लिटर) मांड. कॅटायन (धन आयन): कॅल्शियम 8, मॅग्नेशियम 12, सोडियम 21, पोटॅशियम 0.1, बेरीज 41.1. अॅनायन (ऋण आयन): क्लोराइड 22, सल्फेट 7, बायकार्बोनेट 8, नायट्रेट 3, बेरीज 40. एरर दीड टक्क्याच्या आत आली की नाही? 5 टक्क्यांच्या आत असलं की आम्ही पुढं जातो.
आणि हे कागदावरच कळलं असतं बघ. कॅटायनची मिलिइक्विव्हॅलंट बेरीज गुणिले 100 म्हणजे ढोबळमानानं ईसी. तू घातलेल्या आकड्यांनी बेरीज 90 येते, म्हणजे ईसी 9000 हवी होती, मीटर दाखवतोय 3800. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे दोन हिशोब करायचे, मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी असाच अडकतो.

उसातला_एमएस्सी
मामा शप्पथ 🙏 रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात कन्नडमध्ये एक ओळ होती, ती मी सोडूनच दिलेली. आत्ता शेजारच्या अक्कांकडनं वाचून घेतली, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असंच लिहिलंय, अल्कलिनिटीलाही. एरर 1.4 वर आली! पण कॅल्साइटचा इंडेक्स अजून 1 च्या वरच आहे, तो का? आणि समुद्राचं नाही तर एवढं क्लोराइड आलं कुठनं?

बेसाल्ट_मामा (बेळगाव)
पीएच कुठं मोजलास? लॅबमध्ये, चार दिवसांनी, बरोबर? बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, बाटलीत तो उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच 1 नं खाली आला की इंडेक्सही जवळपास 1 नंच खाली येतो. म्हणून पीएच आणि तापमान बोअरवरच मोजायचं, आणि मोटर चालू करून थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, नाहीतर पाइपात उभं राहिलेलंच पाणी बाटलीत येतं.
क्लोराइडचं म्हणशील तर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात मिठाचे थर नाहीत. अथणीकडं पाऊस कमी, उसाला पाणी भरपूर, ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं आणि मीठ मागंच राहतं. तेच पाणी झिरपून खाली जातं, आपण परत उपसून पाजतो आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. वर पोटॅश खतातनंही क्लोराइड येतं. पोटॅशियम काळ्या मातीला चिकटून बसतं आणि क्लोराइड खाली निघून जातं, म्हणून तुझ्याकडं पोटॅशियम 4 आणि क्लोराइड 780. नायट्रेट 186 दिसतंय त्यात युरियाचाही हात असणार (पिण्याची मर्यादा 45 आहे, घरात कोण पीत असेल तर आधी बंद कर).
तेव्हा मॉडेल बाष्पीभवनाचं लाव. नदीचं किंवा कॅनॉलचं पाणी सुरुवातीला घे, फ्रीकसीच्या रिअॅक्शन ब्लॉकमध्ये पाणी उणे कर. 1 किलो पाण्यात 55.5 मोल असतात, 41.6 काढले की चौथा हिस्सा राहतो, म्हणजे क्षार चौपट. सोबत कॅल्साइट इक्विलिब्रियमला (समतोलात) ठेव आणि मातीसाठी एक्सचेंज ब्लॉक (माती आणि पाण्यातली आयनांची अदलाबदल) घाल, नाहीतर सोडियम जुळायचं नाही. सीवॅट पाण्याच्या घनतेतला फरक धरायला आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच 19000 च्या आसपास असतं, तुझ्या 780 नं घनतेत पडणारा फरक नगण्य. क्षार कुठं वाहत जातात ते बघायचं असेल तर मॉडफ्लो (भूजलाचा प्रवाह) आणि एमटीथ्रीडीएमएस (त्यातून क्षारांची वाहतूक) ही सॉफ्टवेअर भरपूर झाली.

रायबागचा_शेतकरी
मामा मधेच विचारतो, आमच्या सखल वावरात पांढरं फुटलंय, दुकानदार म्हणतोय जिप्सम टाका, टाकू का?

बेसाल्ट_मामा (बेळगाव)
आधी माती तपासा पाव्हणं. जिप्सम हे सोडियमवरचं औषध. या पोराच्या पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती ते सांगणारा आकडा) काढला तर साडेसहाच्या वर येतो, पण ईसी 3800, म्हणजे दुखणं मुख्यतः मिठाचंच. तुमचंही तसंच निघालं तर जिप्समनं मीठ जायचं नाही, त्याला चर काढून निचराच लागतो. माती चोपण (सोडियमनं बिघडलेली) निघाली, पाणी वर साचून राहतंय, भेगा पडून डिखळं होतायत, तर मग जिप्सम, आणि तेव्हाही निचरा हवाच.

रायबागचा_शेतकरी
चर काढायचा तर खालच्या भावकीच्या रानातनं जातोय, तिथंच घोडं अडलंय.

उसातला_एमएस्सी
आज सकाळी बोअरवर पीएच घेतला, अर्धा तास मोटर चालवून, 7.3 आला! इंडेक्स अर्ध्याच्या खाली. आता मे महिन्यात एक आणि पाऊस सरल्यावर एक असं दोनदा सॅम्पल घेतो, कॅनॉलचं पाणी पण भरून आणतो. रिपोर्ट मात्र यावेळी अक्कांना दाखवूनच टाइप करणार.