शब्दचर्चा: 'त्सेदाका'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
एका हिब्रू शब्दावर चार दिवस अडकून पडले आहे, सोडवा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अटलांटातल्या 'द टेंपल' या सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) लेख लिहितेय. कागदोपत्री नाव 'हिब्रू बेनेव्हलंट काँग्रिगेशन', स्थापना १८६७. १९४६ साली रब्बी (ज्यू धर्मगुरू) जेकब रॉथ्सचाइल्ड तिथे आले आणि काळ्या लोकांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांविरुद्ध प्रवचनातून बोलू लागले. सभासद धास्तावले. धास्तीला कारणही होतं: १९१५ साली याच मंडळीतल्या लिओ फ्रँकला झुंडीने तुरुंगातून पळवून झाडाला लटकवलं होतं, आणि तेव्हापासून अटलांटातले ज्यू मान खाली घालून राहायला शिकले होते. १२ ऑक्टोबर १९५८च्या पहाटे सिनेगॉगच्या एका बाजूला डायनामाइट फुटला. आत कोणी नव्हतं म्हणून वाचले. शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढच्या प्रवचनाचं शीर्षक रॉथ्सचाइल्डनी बायबलातल्या मीखा संदेष्ट्याच्या वचनातून घेतलं: 'आणि त्यांना कोणी भिववणार नाही.' जानेवारी १९६५मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नोबेलनिमित्त शहराने जेवण दिलं, काळे-गोरे एका पंगतीला, त्याच्या आयोजकांतही रॉथ्सचाइल्ड होते. पुढे १९८०च्या दशकात सिनेगॉगच्याच आवारात बेघर जोडप्यांसाठी रात्रनिवारा सुरू झाला.

आता अडचण. या सगळ्याला तिथले लोक 'त्सेदाका' म्हणतात. मी सरळ 'दान' लिहून मोकळी झाले होते. मग पुढे नियम आला: त्सेदाका घेऊन जगणाऱ्यानेही त्यातून त्सेदाका दिलीच पाहिजे. म्हणजे 'दानावर जगणाऱ्यानेही दान दिलंच पाहिजे'? हे वाचून माझी आई हसली. कुठेतरी शब्द चुकलाय.

उंबरठा
शब्द चुकलाय हे खरं. त्सेदाकाचा धातू त्स-द-क, त्यातूनच 'त्सेदेक' म्हणजे न्याय आणि 'त्सद्दिक' म्हणजे न्यायाने वागणारा. अरबीतला 'सदका' हा याचाच सख्खा भाऊ, पण तो ऐच्छिक दानाकडे झुकला आणि सक्तीचं काम इस्लाममधल्या 'जकात'कडे गेलं. हिब्रूत दोन्ही एकाच शब्दात राहिलं. आपल्या 'दान'मध्ये देणारा मोठा, त्याला पुण्य, घेणारा पात्र की अपात्र याची चर्चा. त्सेदाकेत देणाऱ्याने फक्त करायचं ते केलं. कर भरणाऱ्याची आपण आरती करत नाही.

जाता जाता, 'त्स' लिहिताना लोक अवघडतात. आपल्या 'चमचा'तला च नेमका तोच. हिंदीवाल्यांना कसरत करावी लागते, आपल्याला फक्त लिपीत वेगळी खूण नाही.

हिशेबनीस
मग 'धर्मादाय' का नको? आपल्याकडे आयुक्त आहेतच त्या नावाचे.

पाटीपेन्सिल
हिशेबनीस, 'धर्मादाय' म्हटलं की मला ट्रस्टची नोंदणी आणि बदल अर्ज दिसतात. :) बेघर माणसाची खाट दिसत नाही.

शनवारतेली
इथे मी बोललं पाहिजे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, वडील अलिबागजवळच्या नवगावचे, मी आता इस्राएलमध्ये अश्दोदला. (टोपणनाव का, ते विचारू नका. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे.)

पाटीपेन्सिलताई, तुमच्या दारात कधी 'धर्म कर गं माय' अशी हाक आली असेल. त्या हाकेतला 'धर्म' घ्या. तिथे धर्म म्हणजे रिलिजन नाही, पूजा नाही. कर्तव्यही तोच शब्द, आणि हातावर ठेवलेली भाकरीही तोच शब्द. मराठीत हे दोन्ही एकत्र आहे, त्सेदाकेतही आहे. 'दान'मध्ये नाही. मागणारी बाई 'दान कर' म्हणत नाही, 'धर्म कर' म्हणते, म्हणजे तुझं काम तू कर असंच सांगते.

उंबरठा
वा! हे मला सुचायला हवं होतं. पण आज 'सिनेगॉग धर्म करतं' असं छापलं तर लोक काय वाचतील?

रानवारा
मी सांगतो काय वाचतील. 'पूजाअर्चा करतं.'

मला यातलं धार्मिक फार कळत नाही, पण शेताचा एक शब्द आहे. मराठी बायबलात लेवीयच्या १९व्या अध्यायात मालकाला सांगितलंय की कोपऱ्यापर्यंत झाडून कापू नको आणि सरवा वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. 'सरवा' वाचून मी उडालोच. आमच्याकडे भुईमूग काढून झाला की मागे राहिलेल्या शेंगा वेचायला बाया येतात, तो सरवा. बायबलातली रूथची गोष्टही सरव्याचीच. आता कुठल्या शहरी माणसाला हा शब्द येतो?

शनवारतेली
रानवारादादा, त्यात एक बारकावा आहे. सोडलेल्या कोपऱ्याला 'पेआ' म्हणतात, मिश्ना या जुन्या ज्यू कायदेग्रंथाने त्याचं किमान माप ठरवलंय, साठावा हिस्सा. आणि त्यातलं कोणाला द्यायचं हे मालकाने ठरवायचं नाही. आपल्या ओळखीच्या गरिबाला बोलावून ते पीक त्याच्या पदरात घालता येत नाही. जो येईल त्याने स्वतः कापून न्यायचं. शेतात विसरून राहिलेली पेंढी आणायला मालकाने परत जायचं नाही, तेही सांगितलंय. ते धान्य मालकाचं राहिलेलंच नसतं. तुमच्याकडे कसं असतं?

रानवारा
आमच्याकडे मालकाची मर्जी. चांगला असला तर हाकलत नाही. कायदा नाही.

हिशेबनीस
हक्काचाच वाटा हवा असेल तर 'बलुतं' शब्द आहे की. सुगीला खळ्यावर जायचं आणि आपला वाटा न्यायचा. तेही दान नव्हतंच.

उंबरठा
हा मात्र मला मान्य नाही. बलुतं कामाच्या बदल्यात होतं आणि काम जन्मावर बांधलेलं होतं. दारोदार भाकरी मागण्यालाही गावाने 'हक्क' हेच नाव दिलं होतं, आणि त्याच हक्काच्या, वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांना लढावं लागलं. वर रॉथ्सचाइल्ड ज्याच्याविरुद्ध बोलत होते त्याच्या जवळचा शब्द आपण त्यांच्या कामाला लावणार का?

हिशेबनीस
बरोबर. शब्द मागे घेतो.

शनवारतेली
मायमोनिदीस या ज्यू पंडिताने बाराव्या शतकात त्सेदाकेच्या आठ पायऱ्या लावल्या, त्या लेखात घ्याच. सगळ्यात खालची, तोंड वाकडं करून देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं. सगळ्यात वरची मात्र गुप्तदान नाही! ती म्हणजे माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं, काम मिळवून देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. म्हणून ताईंच्या आईला हसू आलेला नियमही नीट बसतो. घेणारा फक्त घेणारा राहत नाही, तोही देणाऱ्यांत मोजला जातो.

आणि पैसे गोळा करायला किमान दोघं, वाटायला तिघं, असाही नियम आहे. वाटायला तिघं, कारण कोणाला किती हा निवाडा असतो आणि निवाड्याला तिघांचं न्यायमंडळ लागतं. यात 'दान' कुठे बसतं?

पाटीपेन्सिल
तिघांचं न्यायमंडळ! हे माझ्या लेखात जाणार. आता दुसरा शब्द, 'तिक्कुन ओलाम'. मी 'जगदुद्धार' लिहिलंय.

उंबरठा
फार उंचावरून बोलल्यासारखं वाटतं. उद्धार करायला अवतार लागतो.

शनवारतेली
इथे अश्दोदला पँट आखूड करून देणाऱ्या शिंप्याच्या पाटीवर 'तिक्कुन' लिहिलेलं असतं. दुरुस्ती, बस. जगाची डागडुजी म्हणा.

पण हा शब्द अमेरिकेत वापरतात तितका सरळ नाही. मिश्नात तो कायद्याच्या सोयीसाठी येतो. सातव्या वर्षी कर्ज माफ व्हायचं, म्हणून ते वर्ष जवळ आलं की कोणी गरिबाला उसने देईना. तेव्हा हिल्लेल या जुन्या ज्यू पंडिताने पळवाट काढली, कर्जाची वसुली न्यायालयाकडे सोपवण्याचा कागद, 'प्रोझबुल'. कारण दिलं, तिक्कुन ओलाम. सोळाव्या शतकात इथल्या त्स्फात ('सफेद'ही म्हणतात) गावच्या इसहाक लुरियाच्या शिष्यांनी त्याला फुटलेल्या दिव्य भांड्यांचा, विखुरलेल्या ठिणग्यांचा गूढ अर्थ दिला. मोर्चे, अन्नछत्र, मतदार नोंदणी हा अर्थ विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा. काही ज्यू पंडित चिडतात की आता प्रत्येक चांगल्या कामाला तिक्कुन ओलाम म्हणतात. मला ते चिडणं थोडं पटतं.

हिशेबनीस
आणि 'सोशल जस्टिस'ला 'सामाजिक न्याय' लिहिलंत तर महाराष्ट्रातल्या वाचकाला शाहू महाराज, शिष्यवृत्ती आणि त्या नावाचं सरकारी खातं आठवेल. वाईट नाही, पण चित्र वेगळं.

उंबरठा
मला उलट वाटतं. ते चित्र आठवलं तर चांगलंच. मूळ वचन आहे 'त्सेदेक, त्सेदेक तिरदोफ', न्याय, न्यायाचाच पाठलाग कर. ते ज्या पुस्तकात आहे त्याचं मराठी बायबलातलं नाव 'अनुवाद', हा या धाग्यासाठी चांगला योग. :) क्रियापद बघा, 'पाठलाग'. न्याय समोरून चालत येत नाही.

शनवारतेली
पाठलागावरून आमचीही एक गोष्ट. जून १९६४मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला किंग यांच्या हाकेवरून गेलेल्या सोळा रब्बींना अटक झाली, तुरुंगातून त्यांनी आपण का आलो याचं पत्र लिहिलं. ते पत्र अजून वाचलं जातं, वाचावंही. पण त्याच उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आमचे लोक ठिय्या देऊन बसले होते. कोणाविरुद्ध? इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं होतं की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करा. कोकणात एवढी शतकं शनिवार पाळून इथे आल्यावर हे ऐकायचं! ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, मग फर्मान बदललं. आमचे एक काका त्या ठिय्यात होते. ते म्हणायचे, रब्बींना त्सेदेक शिकवायला आम्हाला फुटपाथवर बसावं लागलं.

पाटीपेन्सिल
हे मला माहीतच नव्हतं. चौकट करून घालू का? नाव देणार नाही.

शनवारतेली
घाला. फक्त 'आंदोलकांना न्याय मिळाला' असं गुळगुळीत लिहू नका. लढून घेतला.

रानवारा
मग ठरलं काय?

पाटीपेन्सिल
शीर्षकात 'त्सेदाका' तसाच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे 'धर्म कर माय'मधला धर्म असं एका वाक्यात सांगते, पुढे मूळ शब्दच. 'दान' सगळीकडून काढलं, सतरा ठिकाणी होतं. तिक्कुन ओलामला 'जगाची डागडुजी'. 'काँग्रिगेशन'ला 'मंडळी' लिहिलंय, पण तो शब्द ख्रिस्ती वाटतो का?

शनवारतेली
थोडा वाटतो, चालेल. 'सिनेगॉग'ला मात्र आमच्या आजीचा शब्द होता 'मशीद'. मुंबईतलं १७९६चं आमचं पहिलं प्रार्थनास्थळ लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद'च होतं. आणि पुण्याचं 'लाल देऊळ' तर तुम्हाला ठाऊकच आहे. मशीद म्हणा, देऊळ म्हणा, अटलांटावाले तर स्वतःच 'टेंपल' म्हणतात.

पाटीपेन्सिल
अरे देवा. म्हणजे आता तोही धागा काढायचा?