कॅडचा वेग बोटांत नसतो

लोकेटिंग_पिन (धागाकर्ता)

मुलाखतीला आलेल्या मुलासमोर एक पार्ट ठेवायचा आणि कॅडमध्ये (संगणकावरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये) तो किती मिनिटांत मॉडेल करतो ते बघायचं. भोसरी-चाकण पट्ट्यात फिक्स्चर (काम चालू असताना पार्ट धरून ठेवणारी जोडणी) आणि एसपीएम (एका ठराविक कामाचं खास मशीन) डिझाइन करणाऱ्या बऱ्याच ऑफिसांत ही परीक्षा चालते. माझ्या मते ती साफ चुकीची आहे.

आमच्या कामात पहिलं मॉडेल उभं करणं हा एकूण वेळेतला लहानसा भाग. खरा वेळ जातो डिझाइन अप्रूव्हलला जाऊन परत आल्यावर. क्लॅम्प १५ मिमी मागे घ्या, रेस्ट पॅड उंच करा, कंपोनंटची नवी रिव्हिजन आली आहे ती लावा. आता एक माप बदलून बघा. फीचर ट्री, म्हणजे मॉडेल ज्या पायऱ्यांनी बनलं त्यांची यादी, वरपासून खालपर्यंत चुकांच्या खुणांनी लाल-पिवळी झाली, तर ज्या पठ्ठ्याने ते वीस मिनिटांत केलं होतं त्याने तुमचे पुढचे दोन दिवस उधार घेतले होते.

सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कंपनीने १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर बाजारात आणलं ते याच आश्वासनावर, की एक माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं बाकीचं आपोआप बदलेल. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर सगळे त्याच वाटेने आले. आपण मात्र ते ड्रॉइंग बोर्डासारखे वापरतो. सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण बांधलेलं (सगळी मापं दिलेलं) स्केच काळं दिसतं हे माहीत असूनही निळं स्केच तसंच सोडून पुढे जातो. फिलेट (कडेची गोलाई) आधी मारतो आणि पुढच्या भोकाचं माप त्या फिलेटच्या कडेवरून घेतो. उद्या कोणी फिलेट काढला की भोक अधांतरी! आणि फीचरचं नाव काय, तर ‘बॉस-एक्स्ट्रूड ४७’.

फिक्स्चर असेल तर आधी कंपोनंटचे लोकेशन पॉइंट धरून एक स्केलेटन स्केच (सगळ्याचा सांगाडा) करा आणि रेस्ट पॅड, लोकेटर, क्लॅम्प त्यावरच लटकवा. मापं प्लेनवरून घ्या, कडांवरून नको. फिलेट-चॅम्फर सगळ्यात शेवटी. पार्ट नंबर, मटेरियल, वजन ही माहिती पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीत भरली की टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) आणि बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) आपली आपण जाते. हाताने टाइप केलेल्या टायटल ब्लॉकमध्ये ईएन ८ हे जुनं पोलाद तसंच राहतं आणि मॉडेलमध्ये ईएन २४ झालेलं असतं.

शॉर्टकटचे क्लास लावण्यापेक्षा पोरांना हे शिकवा. सॉलिडवर्क्सची ‘एस’ की आणि माऊस जेश्चर एका दुपारी येतात. विरोध असेल तर लिहा.

---

ट्रिम_एक्स्टेंड

असहमत. हे तुमच्या एसपीएमवाल्यांचं जग झालं. मी ऑटोकॅडवर टू-डी डिटेलिंगची जॉबवर्क करतो, शीटमागे पैसे मिळतात. संध्याकाळी गठ्ठा येतो आणि सकाळी द्यायचा असतो. तिथे स्केलेटन-बिलेटन काही कामाचं नाही. डावा हात कीबोर्डवरून न हलवता काम करणारा आणि दर कमांडला रिबनमध्ये आयकॉन शोधणारा, यांच्यातला फरक महिनाअखेरीस बिलात दिसतो.

‘एसीएडी डॉट पीजीपी’ फाइल उघडून आपल्या हाताला सोयीचे एलियास (कमांडची छोटी नावं) लावलेले किती जण आहेत? डायनॅमिक ब्लॉक (एकाच तयार चित्राची मापं बदलता येणारे) २००६ च्या आवृत्तीपासून आहेत, तरी लोक एम८, एम१०, एम१२ बोल्टचे तीन वेगळे ब्लॉक ठेवून बसतात. डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) लेसर कटिंगवाल्याकडे पाठवण्याआधी ‘ओव्हरकिल’ मारला नाही, तर एकावर एक पडलेल्या रेषा तशाच राहतात आणि मशीन तीच कड दोनदा कापतं. हा सगळा बोटांचाच धंदा आहे साहेब, आणि त्यावर घर चालतं.

---

रिबिल्ड

दोघांनी मशीनचा विषय काढला नाही म्हणून लिहितो. मालकाला सांगितलं की कॅड हळू चालतं, तर तो जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन येतो. फीचर ट्रीमध्ये पुढचं फीचर मागच्यावर अवलंबून असतं, त्यामुळे रिबिल्डचं (मॉडेल पुन्हा उभारण्याचं) बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. बाकीचे कोअर बघे. रेंडरिंग आणि सिम्युलेशनला त्यांचा उपयोग होतो. मॉडेलिंगसाठी घड्याळाचा वेग जास्त असलेला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि एसएसडी बघा.

नवीन मशीन मागण्याआधी सॉलिडवर्क्समधलं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन उघडा. कुठलं फीचर किती सेकंद खातं ते दिसतं. बहुतेक वेळा कोणीतरी हेलिक्स घालून खरे आटे पाडलेले असतात. कॉस्मेटिक थ्रेड (नुसते दाखवण्यापुरते आटे) पुरतो की! नाहीतर सप्लायरच्या साइटवरून उतरवलेला न्यूमॅटिक सिलिंडर आतल्या सील आणि स्क्रूसकट बसवलेला असतो. असे चोवीस सिलिंडर असेंब्लीत गेले की कुठलाही प्रोसेसर रडेल.

---

नर्ल्ड_नट

मी टूलरूमवाला. पेन्सिल आणि मिनी ड्राफ्टरवर शिकलो. तुम्ही ऑफिसात वाचवलेले तास आमच्या शॉपमध्ये येऊन खर्च होतात, हे कोणी मोजत नाही.

धागाकर्ते म्हणतात टायटल ब्लॉक आपला आपण भरतो, म्हणून ड्रॉइंगच्या तयार टेम्प्लेटबद्दल बोलतो. एका ठिकाणी अमेरिकन कस्टमरच्या जॉबचं टेम्प्लेट इथल्या जॉबला लावलं. ते थर्ड अँगलचं, म्हणजे बाजूंची चित्रं आपल्या फर्स्ट अँगलच्या उलट जागी मांडलेली. आपल्याकडे वाचणाऱ्याची नजर फर्स्ट अँगलची, कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह घाईत कोण बघतो? उजवा ब्रॅकेट डावा होऊन आला. त्याच टेम्प्लेटमध्ये मापं तीन दशांशांपर्यंत छापायची सेटिंग होती आणि खालच्या तक्त्यात तीन दशांशाला सगळ्यात बारीक टॉलरन्स (माप किती चुकलं तर चालेल ती मर्यादा). परिणाम काय, तर आयबोल्टच्या भोकालासुद्धा बोअरिंगची अचूकता. मशीनवाला मान डोलावतो आणि दर वाढवून सांगतो. हाताने काढायचे तेव्हा प्रत्येक माप लिहिताना माणूस एकदा तरी विचार करायचा.

---

लोकेटिंग_पिन

काका, टेम्प्लेट चुकीचं होतं म्हणजे टेम्प्लेट नकोच, असं कसं? उलट चूक एका जागी असते, एका जागी दुरुस्त करता येते. हाताने काढलेल्या चाळीस ड्रॉइंगांत चाळीस प्रकारच्या चुका असतात.

@ट्रिम_एक्स्टेंड, टू-डीबद्दल तुमचं म्हणणं कळलं, पण बोल्टचे तीन ब्लॉक सोडून एक डायनॅमिक ब्लॉक करा हे तुम्हीच सांगताय. हे बोटांचं काम की आधी बसून रचना करण्याचं? तुम्ही माझ्याच बाजूचे आहात.

---

नर्ल्ड_नट

एका जागी दुरुस्त होतं हे ऑफिसात. टेम्प्लेट बदललं म्हणून आधी काढलेली ड्रॉइंगं बदलत नाहीत, त्यांचं शीट फॉरमॅट एकेक करून पुन्हा लोड करावं लागतं. आणि शॉपमध्ये वाटलेल्या प्रिंटा? त्या मी गोळा करत फिरू?

---

एल्बेकाठची

हॅम्बुर्गहून. तुम्ही सगळे एका माणसाच्या, एका मशीनच्या वेगाबद्दल बोलताय. टीम मोठी झाली की ते फारसं राहत नाही. एअरबस ए-३८० चं उदाहरण आमच्या शहरातलंच. एका विमानात सुमारे ५३० किमी वायर. वायरिंगचं काम इथे कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या व्ही-४ वर चालू होतं आणि फ्रान्समध्ये व्ही-५ वर. दोन आवृत्त्यांमध्ये डिझाइनमधले बदल नीट पोचले नाहीत. हॅम्बुर्गहून गेलेले हार्नेस (वायरचे जुडगे) फ्रान्समध्ये तुलूझला बसवायला घेतले तर लांबीला कमी पडले. २००६ मध्ये उशिरामागून उशीर जाहीर झाले आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला. तिथल्या डिझायनरांची बोटं हळू होती का? फीचर ट्री वाईट होती का? पीडीएम (डिझाइन फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली), रिव्हिजन आणि सगळ्यांनी एकच आवृत्ती वापरणं, वेग तिथे आहे.

---

लोकेटिंग_पिन

मान्य, पण पाच माणसांच्या ऑफिसात पीडीएम कोण घेतो? आमच्याकडे फोल्डरचं नाव असतं ‘आर३ नवीन कस्टमर ओके’. त्यावर फाइल नंबरची शिस्त आणि पॅक अँड गो (असेंब्ली तिच्या सगळ्या पार्टसकट कॉपी करणारी सोय) एवढंच औषध. फोल्डर नुसता कॉपी केला की असेंब्लीचे दुवे जुन्याच पार्टकडे राहण्याची शक्यता असते. मग नव्या जॉबमध्ये केलेला बदल जुन्या जॉबच्या पार्टवर जाऊन बसतो, आणि ते रिपीट ऑर्डर आल्याशिवाय कळत नाही.

---

शिरोली_पॅटर्न

धागाकर्त्यांचा पायाच मला पटत नाही. आम्ही कोल्हापूरकडे फाउंड्रीसाठी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो तो नमुना) करतो. कस्टमर स्टेप फाइल पाठवतो. त्यात ट्री नसतेच, नुसता मुका सॉलिड! त्यावर मशीनिंग अलाउन्स (नंतर कापायला जास्तीचं मटेरियल) द्यायचा, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून उतार) द्यायचा, ग्रे आयर्नसाठी साधारण १ टक्का श्रिंकेज (थंड होताना आकसणं) धरून मॉडेल मोठं करायचं, पार्टिंग लाइन ठरवायची. इथे थेट फेस धरून ओढणारं डायरेक्ट एडिटिंग लागतं. सीमेन्सने २००८ मध्ये सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली ती अशाच कामाला उपयोगी. हिस्टरीचं ओझं नसलेलं बरं. तुमची ट्री कितीही सुबक असली तरी ती फक्त तुमच्या ऑफिसच्या भिंतींच्या आत.

शिवाय लायसन्सचा खर्च. मी काही कामं फ्रीकॅडवर करतो. कड बदलली की पुढची फीचर्स मोडायचा तो जुना रोग, टोपोलॉजिकल नेमिंगचा, नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत बराच आटोक्यात आला आहे. लहान उद्योगाला सॉफ्टवेअर परवडणं हीच पहिली उत्पादकता.

---

लोकेटिंग_पिन

तुमचं इनपुटच मुकं असेल तर डायरेक्ट एडिटिंगला पर्याय नाही. पण एक विचारतो. त्याच कास्टिंगची पुढची रिव्हिजन आली की ड्राफ्ट, अलाउन्स सगळं पुन्हा हाताने देता ना? स्टेप आयात करून त्यावर तुमची फीचर्स नीट रचलेली असतील तर खालचा सॉलिड बदलून बरंच काही वाचेल.

---

शिरोली_पॅटर्न

सॉलिड बदलला की फेसची ओळख बदलते, ड्राफ्ट निम्म्या ठिकाणी तुटतो. करून बघितलंय. नव्याने देणं लवकर होतं.

---

मॅक्रोवाला

सगळं वाचलं. ऑटोलिस्प (ऑटोकॅडमधली प्रोग्रामिंग भाषा) १९८६ पासून आहे, सॉलिडवर्क्समध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, एक्सेलच्या डिझाइन टेबलवरून एकाच हायड्रॉलिक सिलिंडरचे सगळे स्ट्रोक निघतात. साधनांची कमी नाही. अडचण पैशाच्या हिशोबात आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुण्यात परदेशी कंपन्यांना डिझाइन सेवा देणारी कितीतरी ऑफिसं तासावर बिल लावतात. मी अशाच एका ठिकाणी होतो. शीट मेटलच्या सगळ्या पार्टचे फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचे सपाट आकार) एका दमात डीएक्सएफमध्ये काढायचा मॅक्रो लिहिला. टीम लीड म्हणाला, छान आहे, कस्टमरला दाखवू नकोस. कारण सरळ होतं. दिवसाचं काम तासात झालं तर सात तासांचं बिल कोणाच्या नावावर लावायचं?

धागाकर्ते मशीनला एकरकमी कोटेशन देत असणार, म्हणून बदलाचा खर्च त्यांच्या खिशातून जातो आणि त्यांना ट्रीची काळजी. ट्रिमभाऊंना शीटमागे पैसे, म्हणून बोटं महत्त्वाची. तासावर बसणाऱ्याला दोन्हीची गरज नाही, उलट तोटाच. मुलाखतीत मिनिटं मोजणारेसुद्धा पुढे त्याच मुलाचे तास विकतात!

---

नर्ल्ड_नट

+१. हे पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं.

---

लोकेटिंग_पिन

कोटेशन एकरकमीच असतं, बरोबर ओळखलंत. पण तासावर बसणाऱ्याला चांगल्या मॉडेलची गरज नाही हे नाही पटत. तीच फाइल सहा महिन्यांनी त्याच्याच टेबलावर येते.

---

मॅक्रोवाला

येते, नव्या तासांसकट.

---

ट्रिम_एक्स्टेंड

तुमच्या टीम लीडला नको असेल तर तो डीएक्सएफचा मॅक्रो मला पाठवा. मी शीटवर पैसे घेतो, मला लपवायचं काही कारण नाही.

---

मॅक्रोवाला

तो सॉलिडवर्क्सचा आहे, तुमच्या ऑटोकॅडवर चालणार नाही. तुम्हाला लिस्प लागेल. लेयरची नावं आणि लेसरवाल्याला कुठल्या आवृत्तीचा डीएक्सएफ लागतो ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी बघतो.