घाटातून मालवाहतूक : कागदी नकाशा ठेवावा की फोनवर विसंबावे? सल्ला हवा

चंदगडी :
नमस्कार. चंदगड आणि गडहिंग्लज भागातून माझ्या तीन दहा टायरी गाड्या मुख्यतः साखर घेऊन सिंधुदुर्गात आणि गोव्यात जातात. गेल्या महिन्यात म्हापशाच्या भाड्यासाठी मी चोवीस वर्षांच्या चालकाला पाठवले. फोनमधल्या ॲपने अर्थातच सर्वांत जवळचा रस्ता म्हणून तिलारी घाट दाखवला आणि तो निमूटपणे त्या रस्त्याने उतरला. एका अवघड वळणावर गाडी एका कटमध्ये वळली नाही. रिव्हर्स घेताना मागचे चाक गटारात गेले आणि क्रेन येईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबली. नुकसान पैशाचे झाले, माणसाचे झाले नाही, एवढेच समाधान.

माझ्याकडचे दुसरे चालक, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, फोन फक्त बोलण्यासाठी वापरतात. त्यांच्या केबिनमध्ये घड्यांवर चिकटपट्टी लावलेला राज्याचा रस्ते-नकाशा आणि एक वही असते. त्यांच्या मते नव्या पोरांना रस्ता माहीतच नसतो, फक्त पुढचे वळण माहीत असते. पोराचे म्हणणे असे की काकांच्या नकाशावर अजून जुने महामार्ग क्रमांक आहेत आणि कुठे काम चालू आहे हे त्यात दिसत नाही. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच प्रश्न पडला आहे. कोणता नकाशा घ्यावा, ट्रकसाठी वेगळे यंत्र घेणे परवडेल का, आणि मार्ग आखण्याचे काम नक्की कोणी करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

आंबोलीमार्गे :
आपल्या पोराची चूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण चंदगडहून गोव्याकडे जाताना तिलारीचे अंतर कमी आहे हे खरेच आहे आणि ॲपला तेवढेच विचारले गेले होते. ते ॲप वेळ सांगते ती मोटारीची. गाडी किती लांब आहे, मागे किती टन माल आहे, वळणावर किती जागा लागेल, यांतले काहीच त्याला आपण सांगितलेले नसते आणि बहुतेक वेळा सांगायची सोयही नसते. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार तीन आसांच्या, म्हणजे तुमच्यासारख्या दहा टायरी, गाडीचे एकूण वजन साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जाते. तेवढे वजन घेऊन उतरणाऱ्या गाडीला जवळचा रस्ता हा सोपा रस्ता असतोच असे नाही.

मी स्वतः असे करतो की मार्ग आदल्या संध्याकाळी कागदावर ठरवतो आणि मग तो फोनवर लादतो. म्हणजे फक्त म्हापसा न टाकता मध्ये आंबोली, सावंतवाडी, बांदा असे थांबे घालतो, त्यामुळे ॲपला दुसरीकडे वळायला वावच राहत नाही. मात्र चालकाला एक गोष्ट बजावून ठेवा. वाटेत 'अधिक वेगवान मार्ग सापडला' अशी सूचना आली तर ती परस्पर स्वीकारायची नाही, आधी फोन करायचा.

समोच्च :
मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे नकाशाच्या प्रश्नापुरते लिहितो. दुकानात मिळणारा राज्याचा रस्ते-नकाशा दिशा आणि पर्याय समजण्यासाठी उत्तम असतो, पण त्यावर घाट म्हणजे एक नागमोडी रेघ असते. चढ पाहायचा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे पाहावेत. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ते उतरवून घेता येतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असतो आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) साधारणतः वीस मीटर उंचीचा फरक असतो. रस्त्याच्या कडेने दोरा ठेवून दोन किलोमीटर मोजा आणि तेवढ्यात रस्ता किती रेषा ओलांडतो ते पाहा. पाच रेषा ओलांडत असेल तर शंभर मीटरची उतरण झाली, म्हणजे विसास एक, वीस मीटर रस्त्याला एक मीटर उतार. आठ किंवा नऊ रेषा निघाल्या तर भरलेली गाडी तिकडे नेण्याआधी दोनदा विचार करावा. ही मोजणी एका घाटाला एकदाच करावी लागते आणि रस्त्याचे डांबर बदलले तरी फारशी शिळी होत नाही.

क्रमांकांबद्दल पोराचे बरोबर आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पुणे-कोल्हापूर-बेळगाव रस्ता ४ चा ४८ झाला आणि मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला. मात्र बोलण्यात आजही 'एन.एच. फोर'च चालतो, त्यामुळे काकांना नवा नकाशा देताना जुने क्रमांक पेन्सिलीने शेजारी लिहून द्या, नाहीतर ते तो बासनात बांधून ठेवतील!

किन्नर ते चालक :
मी अकरा वर्षे गाडी चालवतो आणि फोनची बाजू थोडी घेतो, कारण इथे तो उगाचच आरोपी ठरत आहे. सावंतवाडीत कोंडी आहे की नाही, पुढे अपघात झाला आहे का, पोहोचायला किती उशीर होणार हे मला कोणताही कागद सांगत नाही आणि माल उतरवून घेणारा तर दर तासाला हेच विचारतो. शिवाय एक गैरसमज दूर करायला हवा. घाटात रेंज गेली की 'जीपीएस गेला' असे आपण म्हणतो, पण उपग्रहांचा संकेत फोन थेट आकाशातून घेतो, त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. रेंज गेल्यावर अडतो तो नकाशा आणि वाहतुकीची माहिती. म्हणून चंदगड, सावंतवाडी आणि उत्तर गोव्याचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. रेंज नसली तरी निळा ठिपका चालत राहतो. उंच कड्याखाली तो थोडा भरकटतो आणि बोगद्यात थांबतो, एवढेच.

ट्रकसाठीच्या वेगळ्या यंत्राबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अशा यंत्रात गाडीची उंची आणि वजन भरता येते हे खरे, पण वाटेतल्या कमानीची उंची किंवा वळणाची रुंदी त्याच्या माहितीसाठ्यात कोणी नोंदवलेली नसेल तर ते यंत्र आणि तुमच्या पोराचा फोन यांत काहीच फरक उरत नाही. आपल्या घाटवाटांसाठी तेवढ्या पैशात चार टायर येतील.

आंबोलीमार्गे :
वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण पावसाळ्याचे वेगळे लिहितो, कारण आपल्या भागात जून ते सप्टेंबर मार्ग ठरतो तो पाण्यावर. कोल्हापूर बाजूने माल घेणार असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी रोज सकाळी पाहायची सवय ठेवा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पाणी चढू लागले की गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीला रस्ता बंद होण्याची शक्यता असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा नकाशावाले आणि फोनवाले एकाच रांगेत उभे होते. घाट अवजड वाहनांना बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात आणि तो ॲपवर कधी उशिरा दिसतो, कधी दिसतच नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी घाटाच्या पायथ्याच्या ढाब्यावर एक फोन करणे हीच खरी चौकशी.

ई-वे बिलाचाही (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-पत्राचा) मार्गाशी संबंध आहे हे नव्या मालकांच्या लक्षात येत नाही. २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. तुमच्यासारख्या जवळच्या भाड्याला एकच दिवस मिळतो आणि गाडी अडकली की तो पाहता पाहता संपतो. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास यांतच ती वाढवता येते. चालकाने अडकल्याबरोबर मालकाला कळवले नाही तर दंडाचा धोका त्या गटारापेक्षा मोठा ठरतो.

जुना चालक :
मी तीस वर्षे गाडी चालवून आता घरी बसलो आहे. काकांच्या वहीत काय लिहिले आहे ते कोणी विचारलेले दिसत नाही. आमच्या वहीत रस्ता नसे, तो ठाऊकच असे. कोणत्या वळणावर समोरची गाडी आधी सोडायची, कुठल्या उतरणीला गिअर आधीच खाली घ्यायचा, कोठे ब्रेकचे लाइनर गरम झाले की थांबायला जागा आहे, कोणत्या गावात बाजाराच्या दिवशी रस्ता भरतो, हे लिहिलेले असे. ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवले. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांमुळे कसे अपघात होतात ते सर्वांनी वाचले आहे. तो रस्ता फोनवर सरळ आणि मोकळा दिसतो.

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचे रंगही पोराला शिकवा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, नारिंगी गावरस्त्याचा. भरलेली गाडी घेऊन जाताना अचानक नारिंगी दगड दिसू लागले तर फोन काहीही म्हणो, गाडी बाजूला घेऊन उतरायचे आणि माणसाला विचारायचे.

चंदगडी :
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी काका आणि पोरगा दोघांना घरी जेवायला बोलावले होते. जेवणानंतर नवा रस्ते-नकाशा जमिनीवर पसरला आणि काकांच्या वहीतल्या आंबोली व फोंडा घाटाच्या नोंदी पोराने लाल पेनाने त्यावर उतरवून घेतल्या. समोच्च रेषांची मोजणी आम्ही तिलारीपासूनच सुरू केली. अर्धा घाट मोजून होण्याआधीच पोरगा गप्प झाला. भरलेल्या गाड्या आता आंबोलीनेच जातील आणि परतीला रिकामी गाडी असली तरी तिलारीचा निर्णय मी फोनवर देईन, असे ठरले आहे.

काकांनी मात्र फोनवरचा नकाशा वापरायला अजून होकार दिलेला नाही. त्यांची अट अशी की आधी पोराने नकाशाची घडी नीट घालून दाखवावी. ती त्याला तीन वेळा जमली नाही.