उबुंटू २२.०४ केलं आणि साइटवर पीएचपीचा कोडच दिसतोय, मदत करा

सातपूरकर:
मंडळी, सातपूर एमआयडीसीत छोट्या कंपनीत आहे, सर्व्हर नाईलाजाने माझ्याच गळ्यात. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे उबुंटू २०.०४ चा फुकटचा सपोर्ट मे २०२५ लाच संपला, उद्या करू उद्या करू करत शेवटी काल शनिवारी रात्री २२.०४ टाकायला बसलो. कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवीन असं मध्ये मध्ये विचारत होतं, मी आपला जुनीच ठेव म्हणत एंटर दाबत गेलो. रीबूट झालं, अपाचे (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) चालू, म्हटलं जमलं. साइट उघडली तर लॉगिनच्या जागी पांढऱ्या पानावर, साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिलीय तिचा अख्खा कोड! उद्या सकाळी डिस्पॅचवाले चलन काढायला बसणार, गाड्या गेटवर उभ्या राहतील.

गोदाकाठ:
आधी अपाचे बंद कर, मग पुढचं वाच. कोणी साइटच्या कॉन्फिग फाइलची लिंक ब्राउझरमध्ये टाकली तर डेटाबेसचा पासवर्डही असाच दिसेल, तो आजच बदल.
२०.०४ मध्ये पीएचपी ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ येतं. अपाचेत पीएचपी चालवणारं जुनं मॉड्यूल गेलं आणि नवीन लागलंच नाही, म्हणून अपाचे कोड न चालवता साध्या टेक्स्टसारखा दाखवतंय. ८.१ चं मॉड्यूल टाकून एनेबल कर. एमपीएम, म्हणजे अपाचे एका वेळी अनेक विनंत्या कशा हाताळतं ते ठरवणारा भाग, 'इव्हेंट' प्रकारचा चालू असेल तर ते मॉड्यूल लागणार नाही, तो 'प्रीफोर्क' करावा लागेल. रीस्टार्टच्या आधी कॉन्फिगटेस्ट मार, सिंटॅक्स ओके आलं तरच पुढे जा.

द्राक्षबाग:
कोड किती जुना आहे भाऊ? यादीतली एकेक नोंद वाचणारं 'ईच' फंक्शन पीएचपी ८ मध्ये काढून टाकलंय, स्ट्रिंगमधलं अक्षर महिरपी कंसाने काढायची पद्धतपण गेली. आमच्या पिंपळगावच्या पॅकहाउसचं सॉफ्टवेअर ह्यातच अडकलेलं, तेही ऐन सीझनला. आणि आता लगेच २४.०४ वर जायची घाई नको, तिथे पीएचपी ८.३ आहे, म्हणजे परत हेच. आधी सर्व्हरची कॉपी काढून तिच्यावर कर.

सातपूरकर:
प्रीफोर्कचीच भानगड होती ती, ते केल्यावर चालू झालं, आज सकाळी चलनं निघाली. स्टॉकचा रिपोर्ट पांढरा येत होता, एरर लॉगमध्ये तेच 'ईच', तीन ठिकाणी त्याच्या जागी 'फॉरईच' केलं. पासवर्ड बदलला खरा, पण ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या क्रॉन स्क्रिप्टमध्ये जुनाच लिहिलेला, त्यामुळे रात्री दोनचा बॅकअप पडलाच नाही. आत्ता हाताने घेतोय.