मदत हवी आहे: ३क्ष + ४ म्हणजे ७क्ष नव्हे, हे कसं पटवू?

खाडीकाठ (देवगड):
सातवीतल्या भाचीला बैजिक राशी (अक्षरं नि आकडे मिळून होणाऱ्या, ३क्ष + ४ सारख्या) शिकवतोय. दोन चुका हटत नाहीत. ३क्ष + ४ दिसलं की ती ७क्ष लिहिते, आणि ८क्ष − (२क्ष − ५) चं उत्तर ६क्ष − ५ काढते. "३ आंबे नि ४ नारळ एकत्र होत नाहीत" हे सांगून झालं. उपयोग शून्य.

सुरंगी:
ते आंबे-नारळ आधी बंद करा, घोळ तिथेच आहे. क्ष म्हणजे आंबा नव्हे, संख्या. एका पेटीत क्ष आंबे धरा. ३ पेट्या आणि ४ सुटे आंबे म्हणजे ३क्ष + ४. पेटी ४ डझनी असेल तर क्ष = ४८, एकूण १४८. ५ डझनी असेल तर १८४. पेटीप्रमाणे बदलतो म्हणून क्ष हा चल. आता ७क्ष म्हणजे ७ पेट्या, ३३६ आंबे. चार सुट्या आंब्यांच्या चार पेट्या कशा झाल्या, हे तिलाच विचारा!

कंसही पेट्यांनीच सुटतो. ८ पेट्या आहेत, २ द्यायच्या; पण त्यांतले ५ डागी आंबे काढून घेतले. दिले २क्ष − ५. ते ५ आपल्याकडेच राहिले, म्हणून ६क्ष + ५. कंसापुढचं वजा आतल्या प्रत्येक पदाचं (२क्ष, ५ अशा प्रत्येक तुकड्याचं) चिन्ह बदलतं ते यामुळे.

पद, सहगुणक (क्षला गुणणारा आकडा), स्थिरपद (क्ष नसलेला नुसता आकडा) ही नावं नंतर. फक्त नुसत्या क्षचा सहगुणक १ असतो हे लवकर सांगा, नाहीतर ५क्ष − क्ष = ५ येतं.

कातळफूल:
उत्तर पडताळायला क्षच्या जागी संख्या घालायची सवय लावा, पण ०, १, २ नकोत. क्ष = १ घेतलं तर ३क्ष + ४ आणि ७क्ष दोन्ही ७ येतात, म्हणजे नेमकी हीच चूक निसटते. २ घेतलं तर २क्ष आणि क्षचा वर्ग दोन्ही ४. ५ घ्या: १९ आणि ३५.

खाडीकाठ:
५ घातल्यावर तिने ३क्षचे ३५ केले!

कातळफूल:
हो, बरीच मुलं करतात. मधलं गुणाकाराचं चिन्ह लिहीत नाहीत, म्हणून आकडे शेजारी चिकटतात. किंमत कंसात घालायला लावा: ३(५) + ४.