पहिला गेमिंग पीसी: रॅमची १६ जीबीची एकच स्टिक घेऊ की ८-८ च्या दोन?

सांगलीकर_गेमर
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडतोय. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड घेऊन झालंय. ग्राफिक्स कार्ड दिवाळीपर्यंत तरी जमणार नाही. व्हॅलोरंट, सीएस२ आणि जीटीए ५ एवढंच खेळायचंय. अडलंय ते रॅमवर. दुकानदार म्हणतो, १६ जीबीची एकच स्टिक घे, पुढे दुसरी टाकता येईल. मित्र म्हणतो, ३६०० स्पीडची लाइटवाली घे. रॅमचे भाव असे भडकलेत की पुन्हा घेणं परवडणार नाही. काय घेऊ?

नाशिकचा_रिपेअरवाला
८-८ च्या दोन. डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० स्पीडच्या, सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा), आणि दोन्ही एकाच पाकिटातल्या. तुझ्या बाबतीत दुसरा विचारच करू नकोस, आणि का ते नीट समजून घे.

५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते तुझ्याच रॅमवर जगतं. एका स्टिकला ३२०० वर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबीचा रस्ता मिळतो, दोन चॅनेलला (प्रोसेसर आणि रॅममधले दोन वेगळे रस्ते) दोन स्टिक लावल्या की ५१.२. कार्ड असलेल्या पीसीत हा फरक बऱ्याचदा जाणवत नाही. तुझ्याकडे तो थेट फ्रेम्समध्ये दिसेल. माझ्याकडे 'गेम अडकतोय' म्हणून पीसी येतात, त्यातल्या कितीतरी पीसीत प्रोसेसर असाच आणि स्टिक एकच. पोरांनी पै-पै जमवून घेतलेलं असतं, वाईट वाटतं.

३६०० चं म्हणशील तर त्या किट बहुधा सीएल१८ असतात. हिशेब केला तर ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्हीकडे उत्तराला १० नॅनोसेकंदच लागतात. ३६०० ने ऑनबोर्ड ग्राफिक्सला थोडा फायदा होतो हे खरं, भाव सारखा असेल तर जरूर घे. पण लाइटचे पैसे देऊ नकोस, ते एसएसडीत घाल.

ठाणे_वेस्ट
दादांशी सहमत, फक्त एक बघ. बोर्डला स्लॉट किती आहेत? दोनच असतील तर ८-८ मध्ये दोन्ही भरतील, पुढे ३२ करताना या काढाव्या लागतील. महिन्याभरात कार्ड येणार असतं तर मीही दुकानदाराचंच ऐक म्हटलं असतं.

सांगलीकर_गेमर
स्लॉट चार आहेत. मग ८-८ नक्की. लावताना काही काळजी?

नाशिकचा_रिपेअरवाला
चार असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. बोर्डच्या पुस्तिकेतही बघून घे. शेजारी-शेजारी लावल्यास तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि सगळा खटाटोप वाया. स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळव, दोन्ही टोकांना सारखा दाब दे, खटका वाजला पाहिजे. जुळत नसेल तर जोर लावू नकोस.

मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारी बोर्डची सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारा पर्याय, चालू कर. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. हे केलं नाहीस तर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालत राहते, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोज सुरू झालं की टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे स्पीड ३२०० आणि स्लॉट '४ पैकी २' दिसले की झालं. सीपीयू-झेड या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसेल, घाबरू नकोस, तो आकडा अर्धाच असतो.

पाकीट सीलबंद घे आणि जीएसटीचं पक्कं बिल माग. रॅमची वॉरंटी वर्षानुवर्षं चालते, पण बिलाशिवाय दारात उभं करत नाहीत.

सांगलीकर_गेमर
मनापासून आभार दादा. शनिवारी बाबांबरोबर जाऊन घेतो आणि टास्क मॅनेजरचा फोटो इथेच टाकतो.